नाल्यापलीकडची झाडं

झाशी, लक्ष्मी गेट
सोमवार, १४ नोव्हेंबर २०२२

अंबिका,

वर मायना घातलेला नाही. 'चिरंजीव' लिहायला गेलो तर तू त्रेसष्ट वर्षांची, आणि आशीर्वाद लिहावा तर तुला तो नको असणार. फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवतेस. चारदा करून पाहिलंय. पत्र फाडायला निदान हातात तरी घ्यावं लागतं.

शारदा नवऱ्याला चोरून तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक आहे. गच्चीवर जाऊन बोलते आणि खाली आली की मला मटारचा भाव सांगते. तिच्याकडूनच कळलं की विद्याधरला आता दिवसाचे सोळा तास ऑक्सिजन लागतो, खडीच्या क्रशरच्या धुळीने फुप्फुसं गेली. तो क्रशरवर मुन्शी म्हणून का गेला हे तू मला सांगायला नको. खैरीच्या जंगलात एक्केचाळीस झाडं चुकीच्या जागी तोडली गेली, तोडायच्या झाडांवर निशाण मारायचा हातोडा त्याच्या नावावर होता, त्याची नोकरी गेली. तो म्हणत राहिला की त्या दिवशी हातोडा रघुनाथकडे, म्हणजे माझ्याकडे, होता. मी चौकशीत सांगितलं, नव्हता. तू नवऱ्याचं खरं मानलंस आणि माहेर सोडलंस. तेहतीस भाऊबीजा झाल्या. तुझं ग्वाल्हेर इथून दोन तासांवर आहे.

ते जाऊ दे. लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या उन्हाळ्यापासून बसल्या बसल्या माझी छाती धडधडते, घाम फुटतो, हात गार पडतात. वाटतं, आत्ता जाणार. तीनदा कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत. ब्लड प्रेशर मात्र एकशे सत्तर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी देते, पण दर रविवारी जंगलात जा. मी म्हटलं, बाई, वनखात्यात अडतीस वर्षं मी जंगलातच होतो. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होतात.

शारदाने मला न विचारता नाव नोंदवलं. याला वनस्नान म्हणतात. पाणी नाही, साबण नाही, जंगलात जाऊन नुसतं असायचं. जपानी लोकांची पद्धत आहे म्हणे. नेणारी मुलगी अहिल्या, समथरच्या बापूराव शिर्क्यांची नात. तिच्या घरात पाच पिढ्या शिपाईगिरी झाली आणि हिने हे काढलं. मराठी सगळं समजतं तिला, तोंड उघडलं की हिंदी येतं. मला काकाजी म्हणते.

सकाळी साडेसहाला इलाइट चौराह्यावरून गाडी निघते, आम्ही आठ जण. चिरगाँवच्या अलीकडे उतरवते. मोबाइल एका कापडी पिशवीत जमा. मग ती सांगते, पुढची पंधरा मिनिटं फक्त जे हलतंय ते बघा. आठ शहाणीसुरती माणसं माना वर करून उभी. एक गुराखी थांबून आमच्याकडे बघत होता, थोड्या वेळाने तोही वर बघायला लागला. तीन तासांत आम्ही जेमतेम सातशे पावलं चाललो. मी मोजली. नोकरीत असताना तेवढ्या वेळात मी अख्खा डोंगर उतरून यायचो.

आणि झाडांची नावं घ्यायची नाहीत! मी सवयीने म्हटलं, हा तेंदू, हा सेजा, ही करधई. तर ती मुलगी मला म्हणते, "काकाजी, नाम घर पे छोड़ आइए।" मला राग आला. नाव सोडलं तर माझ्याकडे आहे काय?

शेवटी गोल करून बसायचं. एक दगड हातोहात फिरतो. ज्याच्या हातात दगड त्याने 'मुझे दिख रहा है' असं सुरू करून एकच वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी त्यावर काही म्हणायचं नाही. मग चहा. पहिला कुल्हड झाडाच्या बुंध्याशी ओततात. आणि घरी आल्यावर एका माणसाला लिहायचं, काय दिसलं ते. बाकीचे व्हॉट्सॲपवर लिहितात. कोणाला लिहावं यावर शारदा काही बोलली नाही, तुझा पत्ता तेवढा टेबलावर ठेवून मंदिरात निघून गेली.

तर मला तेंदूचं पान दिसलं. त्याला किडीने पाडलेली भोकं होती. झाला माझा अभ्यास.

रघुनाथ


झाशी
५ डिसेंबर २०२२

अंबिका,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. हे पत्र परत आलं नाही तर पुढचं लिहीन.

प्रेशर एकशे चाळीसवर आलंय. डॉक्टरीणबाई खूश. मला रात्री झोपही लागते. हे कबूल करताना मला चारचौघात पगडी उतरल्यासारखं होतं, पण आकडा आकडा आहे. आमच्यातल्या प्रेमलाबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्या दर रविवारी रडतात. आधी मला वाटलं घरी काही झालंय. त्या म्हणाल्या, काही झालेलं नाही भैया, बस यहाँ आ जाता है। मी सरकून जरा लांब बसायला लागलो.

पण जागा बदलली. चिरगाँवच्या त्या तुकड्यात रविवारी सहली येतात, स्पीकर लावतात. अहिल्याने दुसरं जंगल शोधलं, परवानगीही काढली. गाडीत बसल्यावर तिने सांगितलं, आज खैरी ब्लॉक.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती शेजारी बसली होती. तिने विचारलं, काकाजी, तुम्ही जंगलात नेमकं काय काम करायचात? मी सांगितलं. तोडायच्या झाडावर निशाण मारायचो. झाडाची साल कुऱ्हाडीने तासायची आणि उघड्या लाकडावर लोखंडी हातोड्याचा ठसा उठवायचा. दोन ठिकाणी, एक छातीच्या उंचीवर आणि एक जमिनीलगत बुंध्यावर. ठेकेदार झाड नेतो, वरचा ठसा त्याच्याबरोबर जातो. खालचा खोडावर राहतो. कोणी तपासायला आलं तर खोड सांगतं की हे झाड खात्याने दिलं होतं की चोरलं. हातोडा ज्याच्या नावावर दिला असेल त्याने तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. पोलिसाची बंदूक असते तसं ते असतं. तिला हे फार आवडलं. किती ठसे मारलेत, विचारत होती. मी म्हटलं, मोजले नाहीत. खोटं होतं ते. सगळे वहीत आहेत.

खैरीत पाट्या उरलेल्या नाहीत. तरी मला नाला दिसला. तुला विद्याधरने हे हजारदा सांगितलं असेल, नाल्याच्या अलीकडे चौदा नंबर, तिथली झाडं तोडायची होती. पलीकडे पंधरा नंबर, त्याला हात लावायचा नव्हता. नाला म्हणजे काय, दोन हात रुंदीची घळ. सुक्या पानांनी काठोकाठ भरलेली असते. लक्ष नसलं तर माणूस सरळ चालत पलीकडे जातो.

मी काठावर थांबलो. अहिल्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गुडघा. तिने हात दिला आणि मी ओलांडला.

विद्याधरला खोकला रात्रीचा जास्त येतो का? शारदाला विचारलं तर ती म्हणते, तुम्हीच विचारा.

रघुनाथ


झाशी
२६ डिसेंबर २०२२

अंबिका,

आमच्यात बैठक म्हणून एक प्रकार असतो. आपली एक जागा निवडायची, वीस मिनिटं एकट्याने बसायचं, आणि दर आठवड्याला त्याच जागी परत यायचं. अहिल्या म्हणाली, जी जागा बोलावेल तिथे बसा. मला कोणी बोलावत नाही, म्हणून जे पहिलं बसण्याजोगं दिसलं त्यावर बसलो. नाल्याच्या पलीकडे एक जुनं खोड होतं, वितीवर कापलेलं. मुळाशी अजून जिवंत आहे, चारी बाजूंनी फुटवे येऊन मोठे झालेत, त्यांची पानं आता थंडीने तांबडी पडलीत. मधे पाटासारखी जागा. बरं होतं बसायला.

डोळे मिटून हाताला काय लागतं ते बघा, असं तिने सांगितलं होतं. मी खोडाच्या अंगावरून हात फिरवला. सालीच्या दोन जाड कडा आल्यात, जखम भरताना येतात तशा. त्यांच्या मधल्या फटीत बोट गेलं. आत गोल होतं. गोलात सात.

आपल्या रेंजच्या हातोड्याचा आकडा सात होता.

डोळे उघडून वाकून बघितलं. करधईचं लाकूड चिवट, तेहतीस वर्षांत अर्धा ठसा राहिलाय. सात उजवीकडे झुकलेला आहे. जयसिंग गार्ड माझी थट्टा करायचा, साहेबांचा सात दारू प्यायलेला असतो. लहानपणी बाबांनी माझा डावा हात किती दिवस उपरण्याने बांधून ठेवला होता ते तुला आठवत असेल, तूच सोडायचीस गुपचूप. लिहायला मी उजव्या हाताने शिकलो. हातोडा मात्र शेवटपर्यंत डाव्यानेच चालवला. विद्याधरचा सात डावीकडे झुकायचा, तो उजव्या हाताचा. चौकशीला आलेला साहेब डाकबंगल्यात बसून रजिस्टर बघत होता. त्याला कोणी नाल्यापर्यंत नेलं नाही.

मी अंगावरची शाल काढून त्या बुंध्यावर टाकली. मग वीस मिनिटं तिथेच बसून राहिलो, कोणी यायला नको म्हणून. गोलात दगड माझ्याकडे आला तेव्हा म्हटलं, मुझे चींटी दिख रही है। मुंगी नव्हती.

काल परत गेलो तेव्हाही शाल टाकली, येताना तशीच राहू दिली. प्रेशर पुन्हा एकशे पासष्ट. डॉक्टरीणबाईंना कळेना, जंगलात नीट जाताय ना, म्हणाल्या. जातोय, म्हटलं.

एवढंच लिहितो.

रघुनाथ


झाशी
१६ जानेवारी २०२३

अंबिका,

हे पत्र विद्याधरला वाचून दाखवायचं आहे. नको वाटलं तर दाखवू नकोस, पण तू पूर्ण वाच.

शारदाने परवा सांगितलं की त्याला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं होतं, आणि घरी आणलंय ते बरं वाटतंय म्हणून नव्हे. तिने मटारचा भाव सांगितला नाही. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या तेराव्याला जाणार का? गेलात तर काय तोंडाने बसणार?" आणि स्वयंपाकघरात गेली. तेहतीस वर्षांत ती यावर एक अक्षर बोलली नव्हती. तिला सगळं माहीत असेल असं मला कधी वाटलं नाही. आता वाटतं, तिला विचारायचीच गरज नव्हती, माझ्याबरोबर राहते ती.

काल गोलात दगड माझ्याकडे आला. आठ माणसं, सगळी परकी. मी म्हटलं, "मुझे हथौड़े का निशान दिख रहा है। वो मेरे हाथ का है।" मी दगड पुढे द्यायचं विसरलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि प्रेमलाबाईंनी तो हळूच काढून घेतला.

आता जे झालं ते. कोजागिरीचा दिवस होता. हातोडा विद्याधरच्या नावावर होता, चौदा नंबरात निशाण मारायला तो निघाला होता, आणि तुला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. तो जाईना. हातोडा सोडून कसा जाऊ, म्हणत होता. मी त्याला म्हटलं, वेडा आहेस का, पहिलं मूल आहे, तू पळ, मी मारतो, कोणाला कळणार आहे. मी त्याच्या हातातून हातोडा ओढून घेतला. तो सायकलवरून गेला, आणि त्या संध्याकाळी कांचन झाली.

मला संध्याकाळी मंडळाच्या नाटकाला पोचायचं होतं. सासऱ्याची भूमिका होती माझी, दुसरा अंक पूर्ण माझ्यावर. जयसिंग साल तासत पुढे, मी मागून ठसे मारत, आणि तोंडाने माझी वाक्यं म्हणत होतो. जयसिंग हसत होता म्हणून मी आणखी रंगात आलो. त्या वर्षी पाऊस नव्हता, नाला कोरडा, पानांनी भरलेला. आम्ही दोघंही तो कधी ओलांडला ते आम्हाला कळलं नाही. नऊ झाडं अलीकडे मारली, एक्केचाळीस पलीकडे. माझ्या वाक्यांना टाळ्या पडल्या त्या रात्री. लोक पुढे वर्षभर सांगायचे.

जानेवारीत ठेकेदाराने झाडं पाडली तेव्हा कळलं. चूक होती, अंबिका, चोरी नव्हती. बोललो असतो तर त्याला हातोडा दिल्याबद्दल ठपका आला असता आणि माझी बढती गेली असती. एवढंच झालं असतं. पण खात्याने चोरीचा गुन्हा धरला आणि मी घाबरलो. मनाशी हिशेब केला की कसंही एक जण जाणारच, तर दोघं कशाला. हा हिशेब मी इतकी वर्षं जपून ठेवला आहे. जयसिंगला मी सांगितलं, तू काही पाहिलेलं नाहीस. तो माझ्या हाताखाली होता, त्याने काही पाहिलं नाही. तोही आता नाही.

साहेबाने आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं होतं. विद्याधर माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे, वाट बघत होता. मी सांगितलं, माझ्याकडे हातोडा नव्हता, मी नाटकाच्या तालमीत होतो. त्याला मीच तुझ्यासाठी आणला होता, आपल्या घरी जेवायला बोलावून. माझा सगळ्यांत जवळचा मित्र होता तो.

मला लाज वाटते. पुढे चांगलं काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ बसलो, पण तेवढंच आहे. क्षमा मागत नाही, ती मागितली की द्यायची की नाही हे काम तुमच्या गळ्यात पडतं. मी खात्याला अर्जही दिला, सगळं लिहून. तिथला मुलगा म्हणाला, बाबूजी, इतनी पुरानी फाइल तो कब की छँट गई। फाइल रद्दीत गेली म्हणजे. अर्ज मात्र ठेवून घेतला त्याने, शिक्का मारून पावती दिली. ती सोबत आहे.

खोडावरची शाल काढून आणली आहे.

रघुनाथ


झाशी
६ फेब्रुवारी २०२३

अंबिका,

तुझं कार्ड मिळालं. तेहतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तसंच आहे, 'ळ' अजून पोटफुग्या. शारदाने ते कार्ड देवापाशी ठेवलंय. मी म्हटलं, त्यात देवापाशी ठेवण्यासारखं काय आहे. तू लिहिलंयस, 'पत्र दोनदा वाचून दाखवलं. ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खोडाला फुटवे किती आहेत विचार. मी काही म्हणत नाही. अंबिका.'

विचारलंय तर सांगतो. काल मोजले. फुटवे सात होते, दोन कोणीतरी पूर्वीच तोडलेत. पाच उभे आहेत. त्यातले दोन माझ्या मांडीएवढे जाड, उरलेले मनगटाएवढे. विद्याधर म्हणेल, दोन ठेवा आणि तीन काढा, म्हणजे दोन नीट वाढतील. बरोबर आहे. पण आता मला तिथे काही काढायचा अधिकार नाही. बाकीच्या चाळीसपैकी एकोणतीस खोडं सापडली, सगळ्यांना फूट आहे. उरलेली अकरा सापडली नाहीत.

तू कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिलीस आणि खोडलीस. शारदाने उजेडाला धरून वाचली. 'त्यांना बघायचं आहे म्हणतात, पण कसं शक्य आहे.'

शक्य आहे. मी अहिल्याला विचारलं. गाडी जिथे थांबते तिथून खोडापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. या सहाशे चाळीस पावलांना आम्ही धडधाकट माणसं तीन तास लावतो. पहिल्या पत्रात मी त्यावर तोंडसुख घेतलं होतं. अहिल्या म्हणाली, उस दिन चार घंटे ले लेंगे। दर ऐंशी पावलांवर बसायची जागा हवी, तर आठ जागा मी बघून ठेवल्या. चार ठिकाणी दगड आहे, चार ठिकाणी स्टूल ठेवावं लागेल, ते मी नेईन. ऑक्सिजनचं लहान सिलिंडर खांद्याला लावून नेता येतं, प्रेमलाबाईंच्या भाच्याचं दुकान आहे त्या सामानाचं, तो जास्तीचं एक देईल. थंडी कमी झाली की या. वाटेत कोणाला बोलायचं नसतं. त्यामुळे त्याला माझ्याशी बोलावं लागणार नाही आणि मला काही सुचावं लागणार नाही.

मी तिथे नको असेन तर तसं कळव. स्टुलं मांडून मी निघून जाईन.

रघुनाथ


झाशी
२७ फेब्रुवारी २०२३

अंबिका,

तू काल गाडीतून उतरली नाहीस, आणि विद्याधर तुला काही सांगणार नाही हे मी जाणून आहे. घरी जाईपर्यंत झोपला असेल. म्हणून मी लिहितो. शिवाय काय दिसलं ते एका माणसाला लिहायचं असतं, आणि तो नियम मी अजून मोडलेला नाही.

तू काच वर घेऊन बसलीस ते बरोबर होतं. शारदा तुझ्याशेजारी येऊन बसली, त्याबद्दल मी तिला काही बोललो नाही.

त्याला इतकं वाळलेलं पाहून मी घाबरलो. हे तुला सांगायला हवं. माझ्या डोक्यात तो सायकलवर होता. त्याने मला बघून मान हलवली, ओळख दिल्यासारखी. पहिल्या स्टुलापर्यंत त्याला बावीस मिनिटं लागली. अहिल्याने नेहमीसारखं सांगितलं, जे हलतंय ते बघा, आणि तो बघायला लागला. त्याला हा खेळ समजावून सांगावा लागला नाही. करधईची पानं आता सगळी गळलीत, फांद्या राखाडी, जंगल आरपार दिसतं. चौथ्या जागेवर त्याने एक झाड बोटाने दाखवलं आणि नाव घेतलं. अहिल्या त्याला काही बोलली नाही. मला बोलते.

सिलिंडर मी धरलं होतं. नळी आखूड, त्यामुळे मला त्याच्यापासून हातभर अंतरावर चालावं लागत होतं. त्याच्या श्वासाचा आवाज सारखा ऐकू येत होता, आणि तो माझ्यामुळे तसा आहे, हेही.

खोडाशी आलो तेव्हा दहा वाजले होते. तो बसला नाही. वाकता येत नाही त्याला, तर गुडघ्यांवर खाली गेला, मी आणि अहिल्याने धरलं. बोटाने ठसा शोधला. बोट सातावरून दोनदा फिरवलं. मग माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि उठायला हात पुढे केला.

गोल तिथेच केला, त्याच्याभोवती. दगड फिरत आला. प्रेमलाबाईंना आकाश दिसत होतं, कुणाला वारूळ, कुणाला फांदीवरचं जुनं घरटं. माझ्याकडे आला तेव्हा मी तो तसाच पुढे दिला. विद्याधरने तो दोन्ही हातांत धरला. नळी नाकाशी नीट केली. सगळे हिंदीत बोलतात, तो मराठीत बोलला. म्हणजे कोणाला ऐकवायचं होतं ते कळलं.

तो म्हणाला, "मला नाला दिसतोय."

नाला आमच्या मागे होता, पंचवीस पावलांवर, पानांनी भरलेला. मी मान वळवून बघितलं. मलाही दिसला. इतका स्पष्ट होता की कोणालाही दिसला असता.

अहिल्याने पहिला कुल्हड त्या खोडाशी ओतला. विद्याधरने दोन घोट घेतले, साखर कमी आहे म्हणाला.

परत येताना नाला ओलांडायचा होता. उतरताना अहिल्या पुढे होती, तिचा हात त्याला पोचेना. माझ्या उजव्या हातात सिलिंडर होतं. त्याने माझा डावा हात धरला, चांगला घट्ट, पलीकडचा चढ चढेपर्यंत. वर आल्यावर सोडला आणि आम्ही पुढच्या स्टुलापर्यंत गेलो.

रघुनाथ